न थांबणाऱ्यांची वेळ

अधारतालच्या औद्योगिक वसाहतीत औषधं तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर, यंत्रांच्या खोलीत, एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात एकोणीस लांबट खोकी आहेत. प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या टेपची पट्टी, पट्टीवर निळ्या शाईत एक आकडा. १.३१. १.२९. २.१४. बावीस वर्षांत या आकड्यांना कुणी हात लावला नव्हता, कारण ते हेमलता दाणीने लिहिलेले होते.

खोक्यात असतो तो कॉलम. वीतभर लांबीची पोलादी नळी, आत पांढरी बारीक पूड ठासून भरलेली. एका तोंडातून द्राव सतत दाबाने ढकलायचा, त्यात गोळीचा अर्क सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाशी काय केव्हा बाहेर येतं ते पडद्यावर पाहायचं. पुडीला जे धरून राहतं ते उशिरा येतं. जे कशालाच धरत नाही ते द्रावाबरोबर आरपार निघून येतं. या न थांबणाऱ्याला लागलेला वेळ म्हणजे त्या कॉलमचा डेड टाइम; पट्टीवर लिहिलेला असतो तोच, मिनिटांत. पुढची सगळी मोजदाद त्यावरून. औषध नळीत जितका जादा वेळ रेंगाळलं, तो वेळ डेड टाइमच्या निदान दुप्पट भरला पाहिजे, असा तिथल्या बहुतेक तपासण्यांचा नियम. नाही तर औषध न थांबणाऱ्यांच्या गर्दीतच मिसळून बाहेर पडेल आणि कोण कुठलं ते कळणार नाही.

हेमलता अठ्ठेचाळीस वर्षांची. माहेर मदन महलचं, वडील तोफगाडीच्या कारखान्यात. एम.एस्सी.ला ती विद्यापीठात पहिली आली. त्याच वर्षी हैदराबादच्या एका औषध कंपनीने जबलपुरातून दोन मुली निवडल्या, त्यांत तिचं नाव वरती होतं. त्याच महिन्यात रत्नाकर दाणीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या विभागीय कचेरीत, जबलपूरबाहेर बदली नाही. हेमलताने हैदराबादला नकाराचं पत्र टाकलं आणि काही वर्षांनी अधारतालची ही नोकरी धरली. तिथे विभागाचे तेव्हाचे प्रमुख सबनीस सर यांनी तिला शिकवलं, की नवा कॉलम आला की अॅसिटोनायट्राइल आणि पाणी सुरू करायचं, थेंबभर सोडियम नायट्रेट सोडायचं आणि पहिलं टोक कधी दिसतं ते बघायचं.

"जो थांबत नाही तो सगळ्यांच्या आधी दिसतो," सर म्हणायचे. "आधी दिसला तो आपला शून्य."

सर निवृत्त झाले, पुढे वारलेही. पट्ट्या लिहायचं काम हेमलताकडे राहिलं. नवीन कॉलम आला की खोलीतली माणसं म्हणायची, "दाणी मॅडम से टेप लगवा लो." हे ऐकायला तिला आवडे. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

हैदराबादला निवडलेली दुसरी मुलगी विभावरी देवपुजारी. वर्गात तिसरी. ती गेली, सव्वीस वर्षं तिथे राहिली आणि या एप्रिलमध्ये नवऱ्याची बँकेतली बदली जबलपूरला झाली म्हणून परत आली. दुबे सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेचे मालक आलोक दुबे यांनी, तिला पंधरा मिनिटांत नोकरीवर घेतलं. हेमलताच्या मुलाखतीला दोन दिवस लागले होते.

पहिल्या दिवशी विभावरी कमानिया गेटवरून खोवा जलेबी घेऊन आली. सगळ्यांना वाटली आणि हेमलतासमोर डबा धरून म्हणाली, "घे नं, हेमा. आठवते? प्रॅक्टिकल झाल्यावर आपण दोघी खायचो."

"मला आता गोड चालत नाही," हेमलता म्हणाली.

हे खोटं होतं. दुपारी डब्यात एक जलेबी उरली होती ती तिने कपाटाआड उभं राहून खाल्ली आणि ती चांगली होती, याचाही तिला राग आला.

राग यायला तसं काही कारण नव्हतं, हीच अडचण होती. विभावरी फुशारकी मारत नव्हती. वेळेवर यायची, यंत्र पुसून ठेवायची, हैदराबादचं नाव कुणी विचारल्याशिवाय काढायची नाही. पण लोक विचारायचे. दुबे सर हेमलताला बावीस वर्षं "दाणी मॅडम" म्हणत आले होते. विभावरीला ते दुसऱ्याच आठवड्यात "विभावरी जी" म्हणू लागले. हेमलताने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पिपेट धुत होती. तेच पिपेट तिने चार वेळा धुतलं.

जुलैमध्ये दुबे सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मान्यता देणाऱ्या संस्थेचे तपासनीस ऑगस्टच्या बारा तारखेला येणार होते. या विभागाच्या अहवालांवर सही करायचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यायचा होता. तिचं नाव फॉर्मवर जाणार, तिची सही असल्याशिवाय इथून एकही अहवाल बाहेर पडणार नाही.

"नाम मुझे पाँच तारीख तक भेजना है," दुबे सर म्हणाले. "आप दोनों में से ही होगा. मैं सोच रहा हूँ."

यात सोचण्यासारखं काय आहे, ते हेमलताला कळेना. आजवर सही सबनीस सरांची होती, नंतर स्वतः दुबे सरांची. अहवाल तयार करणारी मात्र बावीस वर्षं तीच होती. तिने सहीचा सराव कधीच केला नव्हता, पण त्या संध्याकाळी घरी वर्तमानपत्राच्या कडेला तिने "हे. र. दाणी" असं तीनदा लिहिलं. रत्नाकरने ते पाहिलं.

"पेन चालून राहिला का बघत होती?"

"हो."

"तीन वेळा?"

रत्नाकरने पेपर उलटा केला आणि क्रिकेटचं पान वाचू लागला. सव्वीस वर्षांच्या संसारात केव्हा पान उलटायचं हे त्याला समजलं होतं.

गोष्ट फिरली ती जुलैच्या शेवटच्या बुधवारी. विभावरी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची तपासणी करत होती. दुपारी ती हातात कागद घेऊन हेमलताच्या टेबलाशी आली.

"हेमा, या कॉलमच्या पट्टीवर १.३१ आहे नं? मला १.५८ येऊन राहिला."

"काय टाकून पाहिलं तू?"

"युरॅसिल. नायट्रेटच्या जागी आमच्याकडे तिकडे तेच टाकायचे."

आमच्याकडे, तिकडे. हेमलताने कागद हातात घेतला. पॅरासिटामॉल ४.२० मिनिटांना आलं होतं. हिशोब तिच्या डोक्यात आपोआप झाला. १.३१ धरलं तर औषध डेड टाइमच्या २.२ पट जादा थांबलं, म्हणजे तपासणी पास. १.५८ धरलं तर १.६६ पट, म्हणजे नापास. आणि नापास झाली तर आजची एक गोळी नव्हे, या कॉलमवर आजवर झालेली पॅरासिटामॉलची प्रत्येक तपासणी.

"युरॅसिल पुडीला थोडं धरत असेल," हेमलता म्हणाली. "म्हणून उशिरा आलं."

"असं कधी पाहिलं नाही बाप्पा मी."

"तू इथला कॉलम कधी पाहिला होता?"

विभावरी हसली. "बरोबर आहे. काहून फरक येऊन राहिला ते मलाही नाही समजलं. शुक्रवारी दुबे सरांपुढे ठेवू दोघी मिळून?"

"ठेवू," हेमलता म्हणाली. तिला आतून जे वाटलं त्याला आनंद म्हणायला हरकत नाही. एप्रिलपासून ती विभावरीच्या एका चुकीची वाट पाहत होती आणि ही चूक विभावरीने स्वतः कागदावर छापून आणली होती. तीही नाव पाठवायच्या आठवड्यात.

हेमलताचा मुद्दा पक्का होता. नळीतून जाणारी कुठलीही वस्तू न थांबणाऱ्याच्या आधी बाहेर येऊच शकत नाही. नायट्रेट १.३१ला बाहेर आलं. तर मग १.५८ला आलेलं युरॅसिल न थांबणारं कसं? एक-दोन शंभरांश म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हती, मिनिटाच्या पावाहून जास्त फरक होता. हैदराबादच्या सव्वीस वर्षांत हे कुणी विभावरीला विचारलं नव्हतं, असं दिसत होतं.

रात्रीच्या जेवणाला तिने रत्नाकरला दोनदा भात वाढला.

"आज खुश आहे काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. विभावरीचं एक चुकून राहिलं."

"मग तिला सांगितलं?"

"शुक्रवारी सांगीन. सरांसमोर."

रत्नाकरने तिच्याकडे पाहिलं आणि लोणचं मागितलं.

गुरुवारी विभावरीची सुट्टी होती, सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. हेमलताने सकाळीच यंत्र घेतलं. तोच कॉलम लावला, अॅसिटोनायट्राइल आणि पाणी सुरू केलं, थेंबभर नायट्रेट सोडलं. १.३१. पुन्हा सोडलं. १.३१. तिने दोन्ही आलेख छापून घेतले आणि फाइलला लावले.

एवढं पुरेसं होतं. पण विभावरी कशी बोलेल ते हेमलता तिच्या बाजूने ऐकून पाहू लागली. विद्यार्थिनी असल्यापासून ही सवय होती. दुसऱ्याचा प्रश्न आधी आपण काढायचा. विभावरी म्हणेल, तू नायट्रेट नुसत्या पाण्या-अॅसिटोनायट्राइलमध्ये सोडलं, पण पॅरासिटामॉलच्या तपासणीला तर द्रावात फॉस्फेटचा क्षार असतो. मी युरॅसिल त्यात सोडलं होतं. दोन द्राव वेगळे, मग तुलना कशी?

ही पळवाट बुजवायला अर्धा तास लागणार होता. हेमलताने क्षाराचा द्राव लावला, रेषा सरळ होईपर्यंत थांबली आणि नायट्रेट सोडलं.

पडद्यावर १.३१ची जागा आली आणि गेली. रेषा सपाट. हेमलताला वाटलं सुईत हवा अडकली. तेवढ्यात टोक वर आलं. १.५७.

तिने पुन्हा सोडलं. १.५७. तिसऱ्यांदा, १.५७. मग त्याच द्रावात युरॅसिल सोडलं. १.५७. चौथ्या-पाचव्या वेळीही नायट्रेटने आपला आकडा बदलला नाही. मग तिने क्षार काढून टाकला, पुन्हा साधा द्राव लावला आणि युरॅसिल सोडलं. १.५७. त्याच द्रावात नायट्रेट, १.३१.

युरॅसिल कुठल्याही द्रावात जागचं हललं नाही. हलत होतं ते नायट्रेट.

हेमलता स्टुलावर बसली. कारण कळायला तिला दहा मिनिटं लागली, आणि ते पुस्तकात पाहावं लागलं नाही. पुडीचा प्रत्येक कण स्पंजसारखा असतो, आत छिद्रंच छिद्रं. द्राव त्या छिद्रांत शिरतो आणि बाहेर येतो. युरॅसिलही त्याच्याबरोबर शिरतं, कुठे चिकटत नाही, पण सगळं फिरून येतं. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि छिद्रांच्या भिंतींवरही थोडा ऋण भार असतो. नुसत्या पाण्यात भिंती नायट्रेटला दारातूनच परत लोटतात. ते आत जातच नाही, बाहेरच्या बाहेर सरळ निघून येतं, म्हणून लवकर पोहोचतं. क्षार घातला की तो भार झाकला जातो आणि नायट्रेटही आत शिरतं. सबनीस सर म्हणायचे आधी दिसला तो शून्य. आधी दिसणारा न थांबणारा नव्हता. त्याला आत घेतलंच नव्हतं.

एकोणीस खोकी. बावीस वर्षं.

पहिला विचार तिच्या मनात आला तो आलेख फाडायचा. तिने कागद हातात घेतलाही. पण यंत्राच्या संगणकात प्रत्येक प्रयोग तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या नावासकट कायमचा नोंदवला जातो, तो पुसता येत नाही. हा नियम लागू झाला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना तो समजावून सांगणारी हेमलताच होती. उद्या विभावरी नाही तर तपासनीस, कुणीतरी ते पाहणारच.

दुसरा विचार, गप्प बसायचा. शुक्रवारी म्हणायचं, मला काही कळलं नाही, बघू सावकाश. विभावरीला कारण माहीत नव्हतं, तिने तसं कबूल केलं होतं. पण विभावरी घरी जाऊन विचार करणाऱ्यांतली होती. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं असतं. मग दुबे सर म्हणाले असते, विभावरी जी ने पकड़ा.

विभावरी जी ने पकड़ा. हे वाक्य हेमलताने मनातल्या मनात दुबे सरांच्या आवाजात दोनदा ऐकलं आणि तिला ते सहन झालं नाही. चूक झाली होती, ती तिची होती. ती शोधून काढायचं श्रेयही दुसऱ्या कुणाला, त्यातून तिसऱ्या नंबरवाल्या मुलीला, मिळावं हे तिच्याच्याने होणार नव्हतं. तिने कागद फाइलला लावला, चूक-नोंदीचा फॉर्म काढला आणि "कोणी शोधली" या रकान्यात आपलं नाव लिहिलं. "कोणाकडून झाली" या रकान्यातही तेच नाव लिहावं लागलं. तारीख घातली. गुरुवारची.

शुक्रवारी सकाळी दुबे सरांच्या केबिनमध्ये विभावरीने आपला कागद काढायच्या आधीच हेमलताने फाइल टेबलावर ठेवली.

"सर, मेरे सब टेप गलत हैं."

दुबे सरांनी चष्मा लावला. "सब मतलब?"

"उन्नीस के उन्नीस."

विभावरी तिच्याकडे वळली. "काय म्हणते हेमा?"

"तुझं १.५८ बरोबर होतं," हेमलता मराठीत म्हणाली, भिंतीकडे बघत. मग हिंदीत सरांकडे वळली. आलेख दाखवले. दुबे सर कॉमर्सचे पदवीधर, त्यांना छिद्रं आणि भार कळेनात.

"सर, कमानिया गेट से बड़े फुहारे तक जाना है," हेमलता म्हणाली. "एक आदमी हर गली में झाँकता हुआ जाता है, कहीं रुकता नहीं, कुछ ख़रीदता नहीं. उसको जो टाइम लगा, वो सही टाइम. दूसरे को गलीवाले घुसने ही नहीं देते. वो सीधा सड़क-सड़क जल्दी पहुँच गया. मैं बाईस साल से दूसरेवाले की घड़ी देख रही थी."

दुबे सरांनी फाइलची पानं चाळली. "तो पुरानी रिपोर्टें?"

"गोळीत औषध किती आहे तो आकडा बदलत नाही," विभावरी मध्येच बोलली आणि लगेच हिंदीत आली, "मात्रा वही है, सर. पर दो का नियम फेल होगा. फिर से देखना पड़ेगा."

"या कॉलमची मी यादी केली आहे," हेमलता म्हणाली. "तीन औषधं. बाकीची १.५७ धरूनही पास होतात."

विभावरीने फाइल ओढून घेतली आणि शेवटचे चार आलेख नीट पाहिले. "तू साध्या द्रावातही युरॅसिल टाकून पाहिलं? हे मला नसतं सुचलं."

हेमलताला ते वाक्य हवं होतं. आता मिळालं तर त्याचं काय करावं ते कळेना. विभावरी हे मनापासून बोलली होती, त्यात कुठेही टोचणी नव्हती, आणि एवढ्या चांगुलपणाचा हेमलताला पुन्हा राग आला.

दुबे सर चूक-नोंदीचा फॉर्म वाचत होते. नियमांच्या बाबतीत ते पक्के होते. "दाणी मॅडम, एक दिक्कत है. जिसके काम में गलती निकली, वो उसकी जाँच बंद नहीं कर सकता. दस्तख़त दूसरे का चाहिए. और बारह तारीख को ये फाइल खुली नहीं रह सकती."

"जी," हेमलता म्हणाली.

"तो फ़ॉर्म पर नाम…"

"समझ गई, सर."

हा नियमही तिला पाठ होता. गुरुवारी फॉर्म भरताना तिला तो आठवला होता. दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं की सहीचं नाव कुणाचं उरतं, हे कळायला हिशोब लागत नव्हता. तरीही तिने लिहिलं होतं.

घरी रत्नाकरने विचारलं, "सांगितलं विभावरीला? सरांसमोर?"

"सांगितलं."

"मग?"

"सही तिची राहील. चूक मी पकडली."

"कोणाची?"

हेमलताने त्याच्या ताटात पोळी टाकली. "जेव नं आता."

पुढच्या सोमवारी कपाट रिकामं करून खोकी टेबलावर मांडली गेली. हेमलता ब्लेडने जुन्या पट्ट्या खरवडत होती. काही अशा चिकटल्या होत्या की खोक्याचा कागदही निघून यायचा. नव्या पट्ट्या विभावरी लिहीत होती, कारण आता अधिकार तिचा होता. पॅरासिटामॉलच्या कॉलमवर तिने काळ्या शाईत लिहिलं, १.५८. खाली मोजणीचा पदार्थ, द्राव, तारीख. जुन्या पट्ट्यांवर यातलं काहीच नव्हतं.

"१.५७," हेमलता म्हणाली.

"काय?"

"तुझं एकदाच मोजलेलं आहे. माझे नायट्रेटचेच पाच आहेत. पाचही १.५७."

विभावरीने फाइल उघडून पाहिली, एकेक आलेखावर बोट ठेवत. "हो गं," ती म्हणाली. पट्टी काढून तिने दुसरी लावली, १.५७ लिहिलं आणि मोजणाऱ्याच्या जागी न विचारता "हे. र. दाणी" लिहिलं.

हेमलताने खोकं उचलून कपाटात ठेवलं. ठेवण्याआधी पट्टी एकदा पाहिली. आकडा बरोबर होता, नाव बरोबर होतं. अक्षर विभावरीचं होतं, गोल आणि एकसारखं, कॉलेजात होतं तसंच. ते हेमलताला तेव्हाही आवडत नव्हतं. तिने पुढचं खोकं ओढलं आणि ब्लेड हातात घेतलं.